रंगाखालचा नंबर

आगमनकाळ लागला की मी घर रंगवायला काढते, आणि एकदा काढलं की मग माझ्या मध्ये कोणी यायचं नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना म्हणजे आता एकट्या अण्णांना. आणि अण्णांना तरी काय माहीत राहिलं आहे म्हणा.

अण्णा म्हणजे माझा नवरा. आल्हाद त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. आल्हाद आमचा मुलगा, एकुलता एक. मागच्या वर्षी याच दिवसांत मी त्याला घराबाहेर काढलं. ते सांगतेच, पण आधी रंगाचं सांगू द्या, कारण सगळा घोळ तिथे आहे.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. प्रभू यायचा आहे, त्याची वाट पाहायची, तयारी करायची. चर्चमध्ये मोरपंखीच्या डहाळ्यांचं कडं करून त्यात दर रविवारी एक मेणबत्ती जास्तीची लावतात. आशेची, शांतीची, आनंदाची, प्रीतीची. आता तयारी म्हटली की मी सिस्टर बाई, चौतीस वर्षं हॉस्पिटलमध्ये वॉर्ड चालवलेली. माझी तयारी म्हणजे रंग, पडदे, जाळेजळमटं, करंज्या, दारावरचा चांदणीचा कंदील. पहिल्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या सदर भागातल्या नाक्यावरून रंगकाम करणारा पुताईवाला पकडून आणायचा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम.

आणि ठरलेलं भांडण म्हणजे फोनजवळच्या भिंतीचं. अण्णा फॅक्टरीत फिटर होते. कानामागे पेन्सिल आणि दिसेल त्या जागेवर लिहायचं, ही खोड रिटायर झाले तरी सुटली नाही. गॅस कधी लावला, दूधवाला किती दिवस आला नाही, कोणाचा फोन आला, सगळं भिंतीवर. लिहायचे तेही असं दाबून की पेन्सिल प्लास्टरात शिरायची. दरवर्षी रंगाच्या आधी ते स्टुलावर बसून भिंतीवरचं एकेक डायरीत उतरवून घ्यायचे. "इंदू, थांब जरा, एवढं लिहून घेऊ दे." मी ओरडायची, "भिंत आहे का वही आहे ही? माणसाच्या घरात असं असते काय?" ते हसायचे आणि लिहीत राहायचे.

दोन वर्षांपासून अण्णांचं डोकं जुन्या ट्यूबलाइटसारखं झालं आहे. कधी लागतं, कधी नुसतं फडफडतं. यंदा ते स्टुलावर बसले नाहीत. थांब म्हणाले नाहीत. आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? बरं झालं, यंदा कटकट नाही.

पुताईवाल्याने पहिला हात मारला तर खालचे आकडे दिसून राहिले होते. मी म्हटलं, "भैया, दूसरा हाथ मारो. पेन्सिल दिख रही है." तो म्हणाला, "दीदी, सूखने पर दब जाएगा." मी म्हटलं, "मुझे मत सिखाओ." मारला त्याने दुसरा हात. माझ्याच तोंडाने मी मारायला लावला. ते 'दूसरा हाथ मारो' मला मरेपर्यंत ऐकू येणार आहे.

तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लागली, आनंदाची. पाळकसाहेबांनी मंडळीला विचारलं, तयारी झाली का? मी मनातल्या मनात म्हटलं, झाली की. रंग झाला, पडदे झाले, सारणाचा खोबऱ्याचा कीस तेवढा बाकी आहे. घरी आले तर अण्णा फोनजवळ उभे. पांढऱ्याशुभ्र भिंतीवरून तळहात फिरवत होते, जसं आंधळं माणूस फिरवेल तसं.

"काय शोधून राहिले?" मी विचारलं.

"पोराचा नंबर."

"कोणत्या पोराचा?"

"आल्हादचा. इथे लिहिला होता. कुठे गेला?"

माझ्या हातातली पर्स खाली पडली. अण्णांना मी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पेशंटकडून हिस्ट्री काढतात तशी एकेक गोष्ट काढली. त्या दिवशी ट्यूबलाइट लागलेली होती. म्हणाले, "तू महिला संघात गेली होती. बाजूला गणपती बसले होते, लाउडस्पीकर इतका चालू की मला ऐकूच येईना. दोनदा विचारून लिहिला. म्हणे नवा नंबर आहे. म्हणे मम्मीला वाटलं तर लावू दे. मी आता पुन्हा नाही लावणार म्हणे."

गणपती म्हणजे सप्टेंबर लागतानाची गोष्ट, आणि आता चौदा डिसेंबर. आमचा फोन जुना, तारेचा, त्यात नंबर दिसत नाही. अण्णा मला सांगायचं विसरले. तीन महिने मी त्या नंबरासमोर उभी राहून धूळ पुसली, त्या गिचमिडीतलं एक अक्षर वाचलं नाही, आणि मग त्यावर रंग मारला. दोन हात.

आता मागच्या वर्षीचं. आल्हादची नोकरी गेली होती आणि तो प्यायला लागला होता. मला माहीत होतं, आणि मंडळीला कळू नये यासाठी मी जिवाचा आटापिटा करत होते. मी चर्चच्या महिला संघाची सेक्रेटरी, लोकांच्या घरी जाऊन व्यसनावर प्रार्थना घेणारी. नाताळची गाणी गात घरोघर फिरणारे कॅरलवाले आमच्या अंगणात गात होते, पंधरा-वीस जण, आणि हा गेटमधून झोकांड्या खात आला. आल्या आल्या त्यांच्यात उभं राहून गायला लागला. आवाज चांगला होता हो त्याचा, त्या अवस्थेतही सुरात होता. दोन पोरी हसल्या. मी पायऱ्या उतरून सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. म्हटलं, "आजपासून मला मुलगा नाही." त्याची बॅग आणून गेटबाहेर टाकली. आणि वळून कॅरलवाल्यांना विचारलं, "चहा घेणार ना सगळे?"

तो बराच वेळ गेटशी उभा होता. कडीचा आवाज फार उशिरा आला. मी चहा गाळत होते. पोराला मारल्याचं नाही, मला त्या चहाचंच जास्त वाटतं. त्यानंतर त्याचा जुना नंबर बंद झाला. मला वाटायचं, येईल. माफी मागत येईल. मी वाट पाहत होते त्याच्या माफीची, बाराही महिने, तोंड वर करून.

तर त्या रविवारी मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि भिंत खरवडायला लागले. चर्चच्या साडीवरच. अण्णांची धाकटी बहीण बेबी मागच्या गल्लीत राहते, ती आवाज ऐकून आली. पुताईवाल्याने भिंत घासलीच नव्हती, तसाच वरून रंग फासला होता. एरवी मी त्याला कामचोर म्हणून चार शब्द सुनावले असते, त्या दिवशी त्याच्या आळसाला आशीर्वाद दिला. कारण अण्णांची दाबून लिहिलेली पेन्सिल खाली होती. बेबीने बाजूने टॉर्च धरला की खाचा दिसायच्या.

"वहिनी, हळू. पाणी मारून भिजू द्या आधी," बेबी म्हणाली.

"तू टॉर्च धर नुसती."

वर गॅसची तारीख निघाली. तिच्या खाली 'आल्हाद' निघालं. अण्णांच्या अक्षरात, काना लांब ओढलेला. मी ओरडलेच. मग नऊ, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आठ आकडे सापडले, आणि दमानं घ्यायचं ते मी घेतलं नाही. सुरीचं टोक आत शिरलं आणि हातभर प्लास्टर सुटून खाली आलं. खाली नुसती भुकटी. शेवटचे दोन आकडे त्यात गेले.

"आई गं," बेबी म्हणाली. ती भुकटी ओंजळीत घेऊन मी खाली बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नणंदेसमोर रडले. अण्णा स्टुलावरून विचारत होते, "काहून रडते? कोण गेलं?"

सोमवारी आल्हादच्या नावावरचा नंबर विचारायला टेलिफोन ऑफिसात गेले. त्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, पोलिसांच्या कागदाशिवाय अशी माहिती देता येत नाही. सज्ञान मुलगा आपल्या पायाने गेला, आणि आईने हाकलला, याचा कागद पोलीस कोणता देणार? घरी आले. अण्णांच्या कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच भिंतीवर शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत सगळं लिहून काढलं. शंभर नंबर. त्यातला एक माझ्या पोराचा.

पहिले दहा-बारा मी लावले ते वॉर्डात हजेरी घ्यावी तसे. "आल्हाद है क्या वहाँ?" कोणी रॉंग नंबर म्हणे, कोणी काही न बोलता ठेवून देई. बेबी बाजूला मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही असं विचारून राहिल्या की जणू धाड टाकली. तो असला तरी तुमचा हा आवाज ऐकून ठेवून देईल. मग तो नंबर तुम्ही खोडून टाकाल आणि झालं."

"मग काय म्हणू?"

"जे म्हणायचं आहे ते आधी म्हणा. नाव नंतर विचारा."

मला कळलं ती काय म्हणते ते. पण सांगते, तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी आयुष्यात डॉक्टरची माफी मागितली नाही, सासूची मागितली नाही. दोनदा नंबर फिरवून मीच फोन ठेवला. तिसऱ्यांदा कोणी उचलला आणि मी घाईघाईत म्हटलं, "आल्हाद, मम्मी बोलून राहिली. माझं चुकलं." पलीकडे कोणी ट्रकवाला होता. मागे इंजिनाचा आवाज. "माताजी, गलत नंबर है," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "मराठी अपन को नहीं आती, पर आप रोइए मत."

तसे मग मी लावत गेले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. अण्णांना खाऊ घालायचं, गोळी द्यायची, की फोन. कोणी शिव्या दिल्या. एक पोरगी म्हणाली, "आंटी, ये कौन सा नया फ्रॉड है?" एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की किती दिवस झाले, मी म्हटलं वर्ष, तर तो म्हणाला माझी आठ वर्षं झाली. तो ठेवेना, मीही ठेवेना. दोघं नुसते धरून बसलो.

पहिल्या वीस वेळा मी ते वाक्य नुसतं म्हटलं. औषध कडू असतं, गिळायचं, तसं. चाळिसाव्या वेळेच्या आसपास मला त्याचा गाल दिसला, माझी बोटं उमटलेला. त्यानंतर मी 'माझं चुकलं' म्हणून थांबेना झाले. "मी तुला मारायला नको होतं, मी लोकांच्या लाजेपायी तुला मारलं, तू आजारी होता आणि मी नर्स असून मला दिसलं नाही." अनोळखी लोकांना सांगत होते मी हे, फॅक्टरीच्या वॉचमनला, कोणाच्या सुनेला, ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं त्यांना. करंज्यांचं सारण तसंच पडलं. भिंतीला भोक, खाली सिमेंटचा कचरा, मी झाडलाही नाही.

शनिवारपर्यंत सगळे शंभर झाले. बरेच नंबर कोणाचेच नव्हते. काही बंद होते. अकरा असे की वाजायचे आणि कोणी उचलायचं नाही. बंद असलेल्यांत तो असला तर संपलंच. अण्णा त्या दिवशी सकाळपासून मला 'सिस्टर' म्हणून हाक मारत होते. दुपारी विचारलं, "सिस्टर, माझ्या घरून कोणी येऊन राहिलं का भेटायला?" मी म्हटलं, "येतील." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि देवाला म्हटलं, माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, पण या माणसाला पोराचं तोंड ओळखता येतं आहे तोवर दाखव. मग मला देवाचाच राग यायला लागला. कोणाची वाट पाहायची आम्ही, आणि कशाला मेणबत्त्या लावायच्या, घरात जो होता त्यालाच मी बाहेर काढला तर.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मी त्या अकरांतला एक पाचव्यांदा लावत होते. गेटची कडी वाजली. कॅरलवाले. मी विसरूनच गेले होते. बेबीने दार उघडलं, ते नेहमीसारखे अंगणात गोल करून उभे राहिले, ढोलक, गिटार, मागच्या वर्षीच्याच त्या दोन पोरी, पाळकसाहेब मफलर गुंडाळून. गाणं सुरू झालं. आणि तिकडे कोणीतरी फोन उचलला.

एरवी मी हात केला असता, थांबा म्हणून. नाहीतर फोन ठेवला असता, मंडळीसमोर घरातलं बोलायचं नाही म्हणून. पण फोन ठेवला आणि हाच तो असला तर? गाण्याच्या वर आवाज जावा म्हणून मी ओरडूनच बोलले. "आल्हाद, मम्मी बोलून राहिली! माझं चुकलं रे! सगळ्यांसमोर मारलं मी तुला, माझं चुकलं!"

गाणं एकेका आवाजाने बंद पडलं. ढोलक सगळ्यात शेवटी. वीस माणसं उघड्या दारातून मला पाहत होती, पांढऱ्या भिंतीला पडलेलं भोक आणि माझ्या अक्षरातले शंभर आकडे पाहत होती. मला त्यांचं काहीच वाटलं नाही. फोनवर कोणी बोलत नव्हतं, पण ठेवतही नव्हतं.

मग तो म्हणाला, "कॅरलवाले आले का?"

मी भिंत धरली.

"मम्मी? अण्णा कसे आहेत ते सांग आधी."

"आहेत. इथेच आहेत. बसले आहेत."

तिकडून असा आवाज आला की मला वाटलं तो खोकतो आहे. रडत होता. "तीन दिवस घरचा नंबर दिसून राहिला मला. वाटलं अण्णा गेले. तेच सांगायला तू लावून राहिली. म्हणून हिंमत झाली नाही उचलायची."

"नाही रे राजा."

"इटारसीला आहे मी. पीत नाही आता, एप्रिलपासून. सांगायलाच फोन केला होता तेव्हा. नंबर दिला होता ना अण्णांजवळ? काहून इतका उशीर केलास? मी रोज वाट पाहून राहिलो होतो."

रंग मारला म्हणू? मी म्हटलं, "ये. कारण विचारू नको, नुसता ये." तो म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीने निघतो. अण्णांना दे ना जरा."

मी फोन अण्णांच्या कानाला लावला. "अण्णा, आल्हाद आहे. तुमचा आल्हाद." अण्णांनी दोन्ही हातांनी फोन धरला, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "हां जी, नमस्कार. आमचा मुलगा घरी नाही, बाहेरगावी असतो. फार गुणी आहे. आला की सांगतो तुमचा फोन होता म्हणून."

बेबीने तोंडाला पदर लावला. मी वाकून कान फोनजवळ नेला. अण्णांनी कानामागे हात नेला, तिथे पेन्सिल नव्हती, तर ती फोनशेजारून उचलली आणि भिंतीकडे वळले.

"नंबर सांगा तुमचा," ते म्हणाले. "लिहून ठेवतो. नाहीतर विसरायला होतं."

आल्हादने पहिला आकडा सांगितला. अण्णांनी तो लिहिला, नव्या रंगावर, दाबून. मग दुसरा. आल्हाद एकेक सांगत गेला, अण्णा एकेक म्हणून दाखवत लिहीत गेले, आणि शेवटचे दोन मी त्यांच्या हाताखालून उमटताना पाहिले.